सगळीकडे एकच ब्राउझर इंजिन (वेबपानाचा कोड वाचून ते पडद्यावर मांडणारा ब्राउझरचा गाभा) असतं तर वेब डेव्हलपरचं काम सोपं झालं नसतं का?

तुमचा मुद्दा असा आहे: क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे आतून गूगलचं क्रोमियमच. मग फायरफॉक्स आणि सफारीसाठी पुन्हा वेगळं तपासत बसण्यापेक्षा सगळ्यांनी एकच इंजिन घेतलं तर आपली निम्मी डोकेदुखी जाईल. ब्राउझरांच्या स्पर्धेचा भुर्दंड शेवटी डेव्हलपरलाच बसतो.

भुर्दंड बसतो, नाकारत नाही. पण तुम्ही म्हणता तसा एकछत्री अंमल एकदा होऊन गेलाय, आणि मी या कामात आलो तेव्हा त्याचंच खरकटं आवरत होतो.

मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली. त्याचा प्रतिस्पर्धी ब्राउझर नेटस्केप तोवर हरला होता आणि पुढच्या एक-दोन वर्षांत दहातले नऊ जण एक्सप्लोररच वापरू लागले. म्हणजे तुमचं स्वप्नच की! पण त्याची पुढची आवृत्ती, सात, आली ऑक्टोबर २००६ मध्ये. मधली पाच वर्षं काय होतं? फ्लोट केलेल्या, म्हणजे डावीकडे किंवा उजवीकडे सरकवलेल्या, डब्याला त्याच बाजूचं मार्जिन (बाहेरची मोकळी जागा) दिलं की ते दुप्पट व्हायचं. उपाय काय, तर त्याच डब्याला ‘डिस्प्ले: इनलाइन’ लिहायचं. का? ते विचारायचं नाही. अर्धपारदर्शक पीएनजी चित्रामागे राखाडी ठोकळा दिसायचा. एखादा लेआउट कोलमडला की ‘झूम: १’ टाकून बघायचं, बऱ्याचदा तो गपगुमान जागेवर यायचा. हे बग सगळ्यांना तोंडपाठ होते. दुरुस्तीची घाई मात्र कुणालाच नव्हती, कारण लोक जाणार कुठे?

नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आलं आणि लोकांना जायला जागा मिळाली. फेब्रुवारी २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आवृत्ती ७ जाहीर केली. इतकी वर्षं शांत बसलेली मंडळी तीन महिन्यांत जागी झाली.

त्याआधीची नव्वदच्या दशकातली लढाई काही सभ्य नव्हती. पानातला एखादा भाग कोडमधून हलवायचा तर नेटस्केपचे ‘लेयर’ वेगळे, एक्सप्लोररचं ‘डॉक्युमेंट डॉट ऑल’ वेगळं, एकच मेनू दोनदा लिहायचा. तो त्रास खराच. पण १९९५ मध्ये नेटस्केपच्या ब्रेंडन आइकनी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट उभी केली ती त्याच धावपळीत, आणि पान रीलोड न करता सर्व्हरकडून डेटा आणायची सोय १९९९ मध्ये एक्सप्लोरर ५ मध्ये आली. आज आपण ज्यावर पोट भरतो त्यातलं बरंचसं त्या हाणामारीतलंच आहे. २००८ मध्ये क्रोम व्ही८ हे जावास्क्रिप्ट चालवणारं इंजिन घेऊन उतरलं आणि जावास्क्रिप्टच्या वेगाची शर्यत आणखी तापली. त्याच व्ही८ वर पुढच्या वर्षी नोड उभं राहिलं, ज्यामुळे जावास्क्रिप्ट सर्व्हरवरही चालते.

आता ‘एकच इंजिन’वर येतो. वेब एसक्यूएल नावाची एक गोष्ट होती, हल्लीच्या मुलांनी कदाचित ऐकलीही नसेल. ब्राउझरच्या आतच डेटाबेस, सरळ एसक्यूएल (डेटाबेसकडे माहिती मागायची भाषा) लिहायचं. क्रोम, सफारी, ऑपेरा तिघांनी ती आणली, आणि तिघांनीही आत एसक्यूलाइट हाच तयार डेटाबेस बसवला. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने नकार दिला. मग पेच असा पडला की मानक म्हणून लिहायचं काय? ‘एसक्यूलाइट जसं वागतं तसं’? त्यातला एखादा बग हाही मग नियमच झाला, आणि उद्या कुणाला वेगळ्या पद्धतीने तेच बांधायचं असेल तर बांधणार कशावरून? स्वतंत्रपणे बांधलेली दुसरी रचनाच नाही म्हणून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सीने २०१० मध्ये तो मसुदा थांबवला. त्याऐवजी आलेला इंडेक्स्ड डीबी वापरताना मी आजही मनातल्या मनात शिव्या देतो, तो भाग वेगळा! ज्यांनी वेब एसक्यूएलवर ॲप्स लिहिली त्यांचे हाल झाले, हेही खरं. तरी निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे. दोन वेगळ्या टीमना एकच मसुदा वाचून तेच उत्तर मिळतं का, ही त्या मसुद्याची खरी परीक्षा असते. इंजिन एकच उरलं तर ती परीक्षा घेणार कोण?

ऑपेराने स्वतःचं प्रेस्टो इंजिन २०१३ मध्ये सोडलं, आणि एज क्रोमियमवर जाणार हे डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. तेव्हा मीही सुटकेचा निःश्वास टाकला होता, खोटं कशाला बोलू. उरली तीन इंजिनं: क्रोमियममधलं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. त्यातही ब्लिंक २०१३ मध्ये वेबकिटमधूनच फुटून निघालं, म्हणजे ती भावंडंच.

आणि जिथे आजही स्पर्धेला दार बंद आहे तिथलं चित्र बघा. आयफोनवर कोणताही ब्राउझर टाकला तरी आत वेबकिटच असतं. युरोपीय संघात कायद्यामुळे मार्च २०२४ पासून दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली, बाकी ठिकाणी बहुतेक तेच. वेबसाइटवरून पुश नोटिफिकेशन पाठवायची सोय क्रोममध्ये २०१५ मध्ये आली. आयफोनवर ती पोचली २०२३ मध्ये, तीही साइट होम स्क्रीनवर जोडली तरच.

यात आपला वाटाही कमी नाही. मोबाइलच्या सुरुवातीच्या काळात डेव्हलपर सीएसएसमध्ये (पान कसं दिसावं ते सांगणाऱ्या भाषेत) नव्या सोयीच्या नावाआधी फक्त ‘वेबकिट’ उपसर्ग लिहून मोकळे व्हायचे. शेवटी फायरफॉक्सला स्वतःच्या घरात दुसऱ्याच्या नावाचे उपसर्ग ओळखायला शिकावं लागलं. क्रोमची युझर एजंट ओळ, म्हणजे ब्राउझर सर्व्हरला स्वतःची ओळख सांगतो ती, कधी वाचा: त्यात मोझिला आहे, ॲपलवेबकिट आहे, ‘लाइक गेको’ आहे, सफारीसुद्धा आहे. आपण नाव बघून दार बंद करत राहिलो, म्हणून प्रत्येक नवा ब्राउझर जुन्याचा मुखवटा घालून आला.

टेस्टिंगला वेळ नसतो, हे तुमचं म्हणणं मान्य. मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. फॉर्ममधला नंबर तपासायला रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुराचा नमुना तपासायच्या सूत्रात) लुकबिहाइंड, म्हणजे आधी काय आलंय ते बघायची खूण, वापरला, माझ्या ब्राउझरमध्ये झकास चाललं, लाइव्ह केलं. एका इंजिनाला तेव्हा ते समजतच नव्हतं. त्याने ती एक ओळ सोडली नाही, अख्खी फाइलच नाकारली, आणि तिथल्या लोकांना कोरं पान दिसू लागलं. मला कळलं तीन दिवसांनी.

तेव्हापासून मी रोजचं काम फायरफॉक्समध्ये करतो. क्रोममध्ये बिघडलं तर लगेच कुणीतरी सांगतंच, उलट सहसा होत नाही. ब्राउझरचं नाव न बघता ती सोय आहे का एवढंच तपासतो. नवीन सीएसएस वापरायचं झालं तर आधी ‘बेसलाइन’ची खूण बघतो, तिन्ही इंजिनांत ते चालतं की नाही हे तिथे एका नजरेत कळतं. हल्ली फरकही पूर्वीइतके राहिले नाहीत. ग्रिड, म्हणजे पानाची आडव्या-उभ्या रकान्यांत मांडणी करायची सीएसएसमधली सोय, मार्च २०१७ मध्ये एकाच महिन्यात क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिघांत आली, आमच्या काळी हे स्वप्नातही आलं नसतं. स्वयंचलित चाचण्यांसाठी प्लेराइट वापरतो, एकदा लिहिलेली चाचणी तिन्ही इंजिनांवर चालते. फक्त त्यातलं वेबकिट म्हणजे खऱ्या फोनवरची सफारी नव्हे. कीबोर्ड वर आला की खाली चिकटवलेलं बटण कुठे जातं हे तिथे दिसत नाही, त्यासाठी लाइव्ह करण्याआधी पाच मिनिटं कुणाचा तरी आयफोन मागून घ्या.