हनोईतील इंग्रजीचे वर्ग आणि पतसंस्थेतील पाच लाखांची ठेव

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही सांगलीच्या विश्रामबागेतून लिहिलेल्या पत्राचा गोषवारा इतर वाचकांसाठी आधी देतो. तुमचे वय ३६, शिक्षण एम.ए. (इंग्रजी) आणि बी.एड., खासगी विनाअनुदानित शाळेत आठ वर्षांची कायम नोकरी आणि हाती येणारा पगार २६,००० रुपये. घरी ६४ वर्षांच्या आई असून त्यांना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. धाकटा भाऊ पुण्यात असतो. सदनिकेच्या कर्जाचा हप्ता ११,५०० रुपये, घरखर्चाला तुमच्याकडून ११,००० रुपये, ३,००० रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणूक), एका पतसंस्थेत ५ लाखांची मुदत ठेव, पीपीएफ खाते आणि बारा तोळे सोने, असा सगळा संसार आहे. व्हिएतनाममधील हनोई येथील एका भाषा केंद्राने इंग्रजी शिकवण्यासाठी एक वर्षाचा करार देऊ केला असून ऑगस्टच्या मध्यास रुजू व्हायचे आहे, आणि हे जुळवून देणारा एजंट २,२०,००० रुपये मागतो आहे. त्यासाठी ठेव मोडावी की सोने तारण ठेवावे, एवढेच तुम्ही विचारले आहे. मला मात्र त्याआधीच्या एका प्रश्नाचे उत्तर पाहावेसे वाटते: हा पैसा परत केव्हा मिळतो?

एजंटाने तुम्हाला पगार १,२५० डॉलर सांगितला असला तरी तुम्ही जोडलेल्या मसुद्यात तो ३ कोटी २० लाख दोंग (व्हिएतनामचे चलन) असा आहे, आणि तोच खरा. आकडा कोटीत असल्यामुळे हरखून जाऊ नये. ढोबळमानाने ३०० दोंगांना १ रुपया धरला तर ही रक्कम १,०६,००० रुपयांच्या आसपास येते. बारा महिने किंवा त्याहून अधिक मुदतीच्या करारावर काम करणाऱ्या परदेशी कर्मचाऱ्याच्या पगारातून तिथे सामाजिक विम्याचे ८ टक्के आणि आरोग्य विम्याचे दीड टक्का कापले जातात. प्राप्तिकर चढत्या दराने, म्हणजे ५ टक्क्यांपासून ३५ टक्क्यांपर्यंत लागतो आणि वैयक्तिक सवलत मिळते. परंतु वर्षातील वास्तव्य १८३ दिवसांपेक्षा कमी भरले तर सरसकट २० टक्के जातात. तुमच्या पगाराला कर आणि विमा मिळून १५,००० रुपये मी सढळ हाताने धरले आहेत. राहणे, जेवण, प्रवास आणि फोन यांसाठी ५०,००० रुपये धरले, तर ४१,००० उरतात. त्यातून हप्ता गेला, आणि तुम्ही घरी नसल्यामुळे आईंना ११,००० ऐवजी ८,००० पाठवले असे मानले, तर महिन्याला २१,५०० रुपये शिल्लक राहतात. आज सांगलीत एसआयपी धरून तुमची शिल्लक ३,५०० रुपये आहे. म्हणजे जाण्याचा खरा लाभ महिन्याला १८,००० आणि वर्षाला २,१६,००० रुपये.

आता दुसरी बाजू पाहावी. १२० तासांचे अध्यापन प्रमाणपत्र आणि कागदपत्रांचे साक्षांकन यांना मिळून ५०,०००, जाण्यायेण्याचे विमानभाडे ५०,०००, तिथे खोली लावताना लागणाऱ्या भांड्याकुंड्यांना आणि थंडीच्या कपड्यांना (हनोईचा हिवाळा आपल्याकडच्यापेक्षा बोचरा आणि दमट असतो) २०,०००, शाळा सोडल्यापासून तिकडचा पहिला कामाचा दिवस येईपर्यंत बुडालेला एक पगार २६,००० आणि परतल्यावर नवी नोकरी लागेपर्यंतचे किमान तीन महिने, म्हणजे ७८,०००. ही बेरीज २,२४,००० रुपये होते. एका वर्षाच्या करारात, एजंटाला एक पैसाही न देता, तुम्ही आठ हजारांनी मागेच राहता. दुसऱ्या वर्षी मात्र हे खर्च पुन्हा होत नाहीत आणि जवळजवळ सगळी वाढीव रक्कम हातात उरते. एजंटाचे २,२०,००० त्यात मिळवले तर दोन वर्षेही तोट्यातच जातात.

आपल्या जिल्ह्यात परगावी जाऊन पोट भरण्याची रीत जुनी आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई करणारी घरे देशभर सोने-चांदी गाळत पसरली आहेत, आणि तुमच्या पत्रातही त्या नातेवाइकांचा दाखला आहे. परंतु तिकडे नव्याने जाणारा मुलगा बहुधा काका-मामाच्या दुकानात उतरतो. त्याचा मुक्काम, जेवण आणि ओळखपाळख तिथेच होते, त्यामुळे त्याला प्रवेशाचा खर्च जवळजवळ नसतो. तुम्हाला तो पूर्ण भरावा लागणार आहे आणि म्हणूनच एका वर्षात परत येण्याचा विचार मनात असेल तर पैशाच्या अंगाने या नोकरीला हो म्हणण्यासारखे काही नाही. नवा देश पाहायचा आणि वेगळे वर्ग शिकवायचे म्हणून जायचे असेल तर ते कारणही पुरेसे आहे. फक्त त्याला बचतीचे नाव देऊ नये. दोन वर्षांची तयारी असेल, तर जावे असे माझे मत आहे.

एजंटाबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशातील नोकरीसाठी भरती करणाऱ्याला नोंदणी घ्यावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक घेता येत नाही. नोंदणी आहे की नाही हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येते. शिवाय व्हिएतनाममध्ये कार्यपरवान्यासाठी अर्ज भाषा केंद्राने करायचा असतो. तुमचे काम पदवी, अध्यापन प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला यांवर आधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे आणि मग व्हिएतनामच्या वकिलातीचे शिक्के मिळवणे एवढेच आहे, आणि त्यांचा वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे. चारित्र्य दाखला मात्र फार आधी काढून ठेवू नये, कारण परवान्यासाठी तो सहा महिन्यांच्या आतील लागतो. "आधी पर्यटक व्हिसावर या, परवान्याचे नंतर बघू" असे कोणी सुचवले तर तिथेच थांबावे. परवान्याशिवाय शिकवताना सापडणाऱ्यास देश सोडावा लागू शकतो, आणि मग वरचा सगळा हिशोब एका दिवसात बुडतो.

आता तुम्ही विचारलेला प्रश्न. सोन्याला हात लावू नका. पगार दोंगमध्ये आणि कर्जाचे व्याज रुपयात, असा जोखमीचा मेळ पहिल्याच वर्षी नको. ठेव मोडावी, आणि त्याचे कारण केवळ पैशाची गरज हे नाही. बँकेतील, अगदी सहकारी बँकेतीलही, ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते. पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. अर्धा टक्का जास्त व्याजाचे मोल, संस्था अडचणीत आली की काय होते, हे सांगलीकरांना मी वेगळे सांगायला नको. इथे असताना निदान दारात जाऊन उभे राहता येते, हनोईतून तेही शक्य नाही. मुदतपूर्व मोडल्याने व्याज थोडे कमी मिळेल, ते सोसावे. मिळालेल्या रकमेतील २ लाख जाण्यासाठी आणि तिथल्या पहिल्या पगारापर्यंतच्या खर्चासाठी वेगळे काढावेत. १,३८,००० म्हणजे बरोबर बारा हप्ते होतात; ते ज्या खात्यातून हप्ता जातो त्याच बँकेत ठेवावेत. उरलेले १,६२,००० आईंच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत ठेवावेत, आणि ते तुमच्या अचानक परतीचे आणि त्यांच्या आजारपणाचे समजावेत. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवला तर, विश्रामबाग उंचावर असली तरी, एकट्या आईंसाठी हाताशी पैसा असणे का आवश्यक आहे हे पटेल.

शाळेच्या बाबतीत घाई करू नका. खासगी शाळांच्या सेवाशर्ती नियमांनुसार कायम शिक्षकाने राजीनाम्यापूर्वी तीन महिन्यांची सूचना द्यायची असते, नाहीतर तेवढा पगार भरावा लागतो. या नियमाने पाहता ऑगस्टच्या मध्यास रुजू होणे आजच अवघड झाले आहे. बिनपगारी रजा मिळते का हे आधी लेखी विचारावे. ती नाकारली गेली तरी भविष्य निर्वाह निधीतील निवृत्तिवेतनाचा भाग काढून घेऊ नका. त्या निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते, तुमची आठ झाली आहे. झालेल्या सेवेची नोंद ठेवणारे योजना प्रमाणपत्र घेऊन ठेवले तर परतल्यावर ती सेवा पुढे जोडता येईल.

बँकांची कामे तुलनेने सोपी आहेत. नोकरीसाठी देश सोडल्यावर सध्याचे बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयाचे इथल्या पैशांसाठीचे खाते) करून घ्यावे लागते आणि तिकडची कमाई आणण्यासाठी एनआरई (परदेशातील कमाईसाठीचे अनिवासी खाते) उघडावे, कारण त्यावरील व्याज आपल्याकडे करमुक्त असते. पीपीएफ खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, पुढे वाढवता येत नाही. म्युच्युअल फंडाला निवासाचा बदल कळवला की एसआयपी चालू राहते. आर्थिक वर्षात भारतातील वास्तव्य १८२ दिवसांच्या आत राहिले तर तिकडच्या पगारावर इथे कर नाही, आणि चार दिवस जास्त झाले तरी सध्याच्या १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे तुमच्या उत्पन्नात फार बिघडत नाही.

तुम्ही लिहिले आहे की तिथे भाड्याने स्कूटर घेऊन पैसे वाचवाल. सांगलीत तुम्ही रोज गाडी चालवता हे मान्य, पण भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दिला जातो आणि व्हिएतनाम १९६८ च्या करारातील परवाना मानतो. म्हणजे तिथे तुम्ही विनापरवाना ठराल आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करेल. पहिले सहा महिने बस किंवा ॲपवरची दुचाकी वापरावी. केंद्रापासून चालत जाता येईल अशी खोली दोन हजारांनी महाग पडली तरी ती घ्यावी. जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली खोलीच पाहा, कारण शाकाहारी माणसाचा बाहेरचा खर्च अंदाज मोडतो.

शेवटी मसुद्यातील तीन जागा मला खटकल्या. आठवड्याला किती तासांचा पगार निश्चित मिळणार हे त्यात लिहिलेले नाही. तासांवर पगार असेल तर तेत, म्हणजे तिथल्या चांद्र नववर्षाच्या सुट्टीचा, महिना रिकामा जाईल. कार्यपरवान्याचा खर्च कोणाचा, हे मोघम आहे. आणि करार एका वर्षाचाच आहे, नूतनीकरणाचा उल्लेख नाही. केंद्राला या आठवड्यात थेट पत्र लिहून रुजू होण्याची तारीख सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पुढे ढकलण्याची, तासांची हमी देण्याची आणि दुसऱ्या वर्षाचा करार मेअखेर संपेल असा ठेवण्याची विनंती करावी, म्हणजे परतल्यावर जूनमधील भरतीला तुम्ही इथे असाल. त्यांचे लेखी उत्तर हाती आल्यावरच मुख्याध्यापकांकडे राजीनामा द्यावा आणि त्यानंतरच पतसंस्थेत ठेवीची पावती घेऊन जावे.