वाचन पुष्कळ, पण अभ्यास किती?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षे पूर्ण झालेली असून आठवीनंतर घरीच शिकते. इतिहासाची पुस्तके ती दिवसभर वाचते. परंतु या वाचनाला अभ्यास म्हणावे का, आणि दहावीचे काय करावे, हे आम्हा उभयतांना उमगत नाही.
– एक माता, कराड

उत्तर : मुलगी आपणहून वाचते आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे, तिच्या हाती पुस्तकांची यादी देऊन ती गोडी कृपया घालवू नका. मात्र स्वतःचा प्रश्न घेऊन, मिळालेली माहिती पारखून घेण्याची सवय लागेपर्यंत वाचनाचा अभ्यास होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याच जिल्ह्यातील लिंब येथील बारा मोटेची विहीर घ्या. तिच्या बांधकामाचा काळ काही ठिकाणी इ.स. १६४१ ते १६४६ असा दिलेला आढळतो, आणि ती छत्रपती शाहू महाराजांच्या परिवारातील वीरूबाई भोसले यांनी बांधल्याचेही तेथेच सांगितलेले असते. शाहू महाराजांचा जन्म १६८२ चा. मग या दोन गोष्टी एकत्र कशा खऱ्या असतील? ही विसंगती मुलीला स्वतःला सापडू द्या. ती विहिरीवर जाऊन शिलालेख पाहील, तेव्हा ते आकडे इसवी सनाचे नसून शालिवाहन शकाचे आहेत हे तिला कळेल, आणि त्यांत ७८ मिळवून १७१९ ते १७२४ हा काळ ती स्वतःच काढील. यानंतर कोणतेही छापील साल ती डोळे झाकून स्वीकारणार नाही. पुढे मोटेचे पाणी कोणत्या जमिनींना मिळत असे, असा प्रश्न तिला पडला, तर १८८५ चे सातारा जिल्ह्याचे गॅझेटियर, मराठी विश्वकोश आणि गावातील वृद्ध शेतकरी यांच्याकडे तिला वळता येईल.

प्रत्येक नोंदीपुढे ती कोठून घेतली हे लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. आठवड्यातून एकदा तिचे लेखन तिच्या तोंडून ऐका आणि ‘हे तुला कशावरून कळले?’ एवढेच विचारा. उत्तर आपण देऊ नका. गणित मात्र केवळ आवडीवर सोडता येत नाही, त्यासाठी रोजचा ठरावीक वेळ हवाच.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग मला अधिक सोयीचा वाटतो. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर तेथे माध्यमिक परीक्षेसाठी नोंदणी करता येते, पाच विषय घ्यावे लागतात, त्यांत किमान एक भाषा असते, आणि परीक्षा वर्षातून दोनदा होत असल्याने विषय विभागून देता येतात. राज्य मंडळाचीच परीक्षा हवी असेल, तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, भरावा लागेल. त्याच्या मुदतीची चौकशी जवळच्या माध्यमिक शाळेत आताच करून ठेवा आणि आठवीचा शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवा.