घराच्या बागेत लोकस्टचं झाड लावावं का? बी रुजत का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: महिना उलटला तरी लोकस्टचं बी रुजत नाही, आणि रुजलंच तर रोप भिंतीपासून दहा फुटांवर लावलं तर चालेल का. घरात लहान मुलं आहेत असंही लिहिलंय.

बियांचं सोपं आहे. त्यांचं कवच इतकं टणक असतं की पाणी आत शिरतच नाही. पाणी उकळून खाली उतरवा, दोनेक मिनिटांनी त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेलं बी लगेच सेंटिमीटरभर खोल पेरा. न फुगलेलं पॉलिश पेपरवर हलकं घासून पुन्हा भिजवा.

पण त्याआधी पाकिटावरचं शास्त्रीय नाव बघा. लोकस्ट नावाची दोन वेगळी झाडं आहेत: रोबिनिया स्यूडोअकेशिया म्हणजे ब्लॅक लोकस्ट, आणि ग्लेडिट्सिया ट्रायकॅन्थोस म्हणजे हनी लोकस्ट. दोन्ही मूळची उत्तर अमेरिकेतली, दोन्हींना भरपूर ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी.

ब्लॅक लोकस्ट मला फार आवडतं. वसंत सरता सरता पांढऱ्या फुलांचे सुवासिक घोस लोंबायला लागतात आणि झाडभर मधमाश्या घोंगावतात. (युरोपात अकेशियाचा म्हणून मिळणारा मध बहुतेक याच फुलांचा.) मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला मिळवून देतात, त्यामुळे हलक्या जमिनीतही ते जोमानं वाढतं. तरीही दहा फुटांवर लावू नका. झाड 20 मीटरच्याही वर जातं आणि वादळात फांद्या मोडतात.

खरा त्रास मुळांचा. मी एक वाढलेलं झाड बुंध्याशी कापलं होतं. पुढच्या वसंतात हिरवळीतून, फुलांच्या वाफ्यातून, कितीतरी लांबवर कोंब वर आले, आणि कोवळ्या फुटव्यांनाच सर्वांत तीक्ष्ण काटे. जितकं कापाल, जितकी मुळं खणताना दुखावाल, तितके फुटवे जास्त. म्हणून ते झाड मोकळ्या गवतात लावावं, जिथे भोवती गवतकापणी यंत्र फिरतं. वाफ्यात आलेला कोंब वरून छाटू नका, माती बाजूला करून मुळापासून ओढून काढा.

मुलांसाठी आणखी महत्त्वाचं: ब्लॅक लोकस्टची साल, पानं आणि बिया विषारी असतात. घोड्यांना तर साल फारच बाधते. खाली पडलेल्या शेंगा वेचून टाकायची रोजची तयारी असेल तरच लावा.

तुमच्या अंगणासाठी मी बिनकाट्याचं हनी लोकस्ट सुचवेन, तेही कलम, आणि तेसुद्धा घरापासून लांब, कारण उंचीला ते कमी नाही. बियांपासून वाढवलेल्या रोपाच्या खोडावर बोटाएवढे फांदीदार काटे येऊ शकतात. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला तर तोही काटेरी निघू शकतो, तो लगेच काढा. याची पानं बारीक, सावली विरळ, त्यामुळे खाली गवत टिकतं. शेंगांचा कचरा नको असेल तर न फळणारी जात मागा.