‘पाचारण’ फक्त पाळकांनाच होतं का?

प्रश्न भांडुपच्या एका वाचकताईंचा आहे. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वर्धापनदिनाचा अंक निघतोय. परळच्या एका मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या परिचारिकेवर त्यांनी त्यात लेख लिहिला आणि एक वाक्य टाकलं, ‘रुग्णसेवा हे त्यांचं पाचारण होतं.’ अंक तपासणाऱ्या ज्येष्ठांनी ते खोडलं. पाचारण, म्हणजे देवाची हाक, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) होते, नर्सची ती नोकरी, असं त्यांचं म्हणणं. ऑफिसातल्या मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, पाचारण पोलिसांना नाहीतर अग्निशमन दलाला करतात, बाईचं पाचारण कसं असेल? ताई विचारतात, हे वाक्य चुकलं का? आणि चुकलं असेल तर त्या जागी काय लिहू, ध्येय, व्रत की जीवनकार्य?

वाक्य चुकलेलं नाही. ते परत घाला. अंक तपासणाऱ्यांना दाखवता येईल असं उत्तर हवं असेल, तर ते जरा ऐसपैस देतो, कारण मराठीतल्या मोठ्या शब्दांपैकी हा एक आहे आणि तो वर्तमानपत्रांतल्या आगीच्या बातम्यांपुरता उरावा याचं मला वाईट वाटतं.

आधी मैत्रिणीच्या आक्षेपाकडे बघू. ‘घटनास्थळी अग्निशमन दलाला पाचारण करण्यात आले’ हे वाक्य आपण इतक्यांदा वाचलंय की शब्द कानांवरून नुसता घसरतो. पण त्यात काय चाललंय ते नीट पाहा. आग दुसऱ्याच्या घरी लागलेली आहे. ज्याला बोलावलंय त्याच्या अंगी एक कसब आहे, आणि त्या क्षणी त्याने यायलाच हवं आहे. पाचारण हे पाहुणचारासाठी नसतं, कामासाठी असतं. लग्नाचं आमंत्रण असतं, गावाकडे जेवणाचं आवतण असतं. तिथे गेलात तर पानावर बसता, नाही गेलात तर फार तर रुसवाफुगवा होतो. जुन्या गोष्टींमध्ये राजा प्रधानाला पाचारण करतो, आणि प्रधान येतो तेव्हा राज्यावर काहीतरी संकट असतं. बोलावणारा अधिकाराचा, बोलावलेला उपयोगाचा, आणि गरज बहुतेक वेळा तिसऱ्याच कुणाची. हे तीन धागे ध्यानात ठेवा, कारण ख्रिस्ती वापरात हेच तिन्ही धागे जसेच्या तसे आले आहेत. मैत्रिणीला वाटतं तसे हे दोन वेगळे शब्द नाहीत.

मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, देवाच्या बोलावण्याला ‘पाचारण’ म्हटलं आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल विनवतो, की तुम्हांला झालेल्या पाचारणाला शोभेल असे चाला. मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे ‘क्लेसिस’, हाक मारणे या धातूपासून झालेला. गंमत अशी, की आपण ज्याला ‘मंडळी’ म्हणतो, त्या ‘एक्लेसिया’चा उगमही त्याच धातूत आहे: बाहेर बोलावलेले लोक. म्हणजे भांडुपची तुमची अख्खी मंडळी, पाळकांपासून चटया झटकणाऱ्या पोरांपर्यंत, शब्दाच्या मुळाशी गेलं तर पाचारण झालेल्यांचीच आहे. अंक तपासणाऱ्यांना एवढा एक मुद्दा सांगितलात तरी पुरे.

भाषांतरासाठी हाताशी दुसरे शब्द नव्हते असं नाही. ‘बोलावणं’ साधं आणि गोड आहे, पण मराठीत ‘वरून बोलावणं आलं’ म्हटलं की माणूस गेला. ‘आवाहन’ भारदस्त आहे. पण पूजेत माणूस देवतेचं आवाहन करतो आणि सभेत पुढारी जनतेला आवाहन करतो. पहिल्यात दिशा उलटी, दुसऱ्यात हाक घोळक्याला. पाचारण मात्र नेमक्या कुणाला तरी असतं. यशयाच्या पुस्तकात देव म्हणतो, की मी तुला तुझ्या नावाने हाक मारली आहे, तू माझा आहेस. नावाने मारलेली हाक आणि ‘तू माझा’ ही दोन्ही एकाच श्वासात येतात. मी कोण, हा प्रश्न त्या ओळीत ‘मला कोणी हाक मारली’ या प्रश्नातून सुटतो.

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न नवा नाही. आडनाव गायकवाड किंवा साळवे, बोली नगरची नाहीतर जालन्याची, आणि रविवारी उपासनेला जातो म्हटलं की समोरचा भुवया उंचावतो: तुम्ही मराठी ना, मग ख्रिश्चन कसे? आयुष्यभर या प्रश्नाला उत्तरं देणारी माणसं मी पाहिली आहेत. गाव, जात, आडनाव, भाषा ही ओळख आपण जन्मताना घेऊन येतो. पाचारण त्यातलं काही पुसत नाही, त्यात आणखी एक उत्तर घालतं: मी कोणासाठी आहे.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या, त्यांच्या विद्येची ओळख म्हणून. पुढे इंग्लंडमध्ये असताना वाँटेज गावच्या अँग्लिकन धर्मभगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलमच्या आश्रमात नेलं. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तिथल्या भगिनी किती मायेने सांभाळतात हे पाहून आपण ख्रिस्ताकडे ओढल्या गेलो, असं रमाबाईंनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. त्यांना ओढ लावली ती कुणीतरी कुणाची तरी मनापासून करत असलेल्या सेवेने. 1883 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि 1889 मध्ये याच मुंबईत, चौपाटीजवळ, त्यांनी विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. ते पुढच्याच वर्षी पुण्याला हललं. विद्या तीच होती. ती कोणासाठी हे आता ठरलं होतं. (याच रमाबाईंनी पुढे हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि ते साध्यासुध्या बायकांना कळावं यासाठी शब्दाशब्दाला झगडल्या. शब्दचर्चेची आवड असणाऱ्याने त्यांना विसरू नये.)

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे. तो हवेतून आलेला नाही. युरोपात कित्येक शतकं पाचारण म्हणजे धर्मगुरू, साधू किंवा जोगीण होणं, असंच मानलं जाई. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने ते मोडलं. जर्मनमधला ‘बेरूफ’ हा हाक मारण्यावरूनच आलेला शब्द त्याने चांभाराच्या, शेतकऱ्याच्या, घरातल्या बाईच्या रोजच्या कामालाही लावला. आजच्या जर्मनमध्ये तो धंदा-व्यवसाय या अर्थी सर्रास चालतो. कॅथलिकांमध्ये धर्मगुरू-धर्मभगिनी होण्यासाठी आजही ‘देवपाचारण’ म्हणतात, पण 1962 ते 1965 या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पवित्रतेचं पाचारण सगळ्याच बाप्तिस्मा घेतलेल्यांना आहे, असं ठामपणे सांगितलं. आणि तुमची मंडळी तर ल्यूथरच्या बाजूची! तिथे पाचारण एकट्या पाळकांच्या नावावर लावणं मला पटत नाही.

हे असं का होतं, याचं एक कारण आपल्या ‘सेवा’ शब्दात आहे. मंडळीत ‘आज सेवा कोणाची?’ म्हणजे आज उपदेश कोण करणार. ‘तो सेवेत उतरला’ म्हणजे नोकरी सोडून पूर्णवेळ सुवार्तिक झाला. सेवा म्हणजे व्यासपीठ, असा अर्थ हळूहळू घट्ट होत गेला, आणि रात्रभर रुग्णांची शौचाची भांडी देणारी-घेणारी, जखमा धुणारी बाई ‘ड्यूटी’वर राहिली. शुभवर्तमानात मात्र येशू पाय धुतो, आणि मी सेवा करून घ्यायला आलेलो नाही, करायला आलोय, असं म्हणतो. तिथे ग्रीकमधला सेवेचा जो शब्द आहे, तो पंगतीत वाढणाऱ्याच्या कामाचा आहे. चर्चमधलं डीकन हे सेवकाचं पद त्याच शब्दापासून आलं.

मदर तेरेसांचं उदाहरण या ठिकाणी फार उपयोगी पडतं. 1946 च्या 10 सप्टेंबरला दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना जे उमगलं, त्याला त्या स्वतः ‘पाचारणातलं पाचारण’ म्हणत. तोवर त्या अनेक वर्षं लोरेटो संघाच्या धर्मभगिनी होत्या, कलकत्त्यात शाळेत शिकवत होत्या. म्हणजे चर्चच्या हिशेबाने पाचारण केव्हाच झालेलं होतं! तरी आणखी एक हाक आली, रस्त्यावरच्या गरिबांकडे जाण्याची. भायखळ्याच्या ‘आशादान’मध्ये त्यांच्या भगिनी 1976 पासून टाकलेली मुलं, अपंग, आजारी माणसं सांभाळताहेत. तिथून जवळच नागपाडा आहे. अमेरिकन मराठी मिशनने तिथे नेबरहूड हाउस उभं केलं, ते चालवणाऱ्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकाराने तिथेच 1936 मध्ये समाजकार्य शिकवणारी संस्था सुरू झाली. आज ती देवनारला आहे आणि टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पगारी, पदवी घेऊन करायचं समाजकार्य या देशात रुजलं ते असं, एका मिशनच्या इमारतीत. तेव्हा ‘नोकरी आहे म्हणून पाचारण नाही’ हा युक्तिवाद मुंबईत तरी कुणी करू नये.

आता तुमच्या परिचारिकाबाईंचं. त्यांची माझी ओळख नाही, पण माझ्या शेजारी अशाच एक बाई राहत, नगर जिल्ह्यातल्या, मिशनच्या शाळेत शिकून मुंबईत आलेल्या. निवृत्तीनंतर एकदा मी त्यांना हेच विचारलं होतं, तुम्हाला पाचारण झालं असं कधी वाटलं का? त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘पाचारण पाळकसाहेबांना हो. मला आपलं रात्रभर एवढंच ऐकू यायचं, सिस्टर, ओ सिस्टर.’ आणि पुन्हा ताटात बोट फिरवायला लागल्या.

मला त्या वाक्यात सगळं उत्तर दिसतं. ‘सिस्टर’ हा शब्द रुग्णालयांत आला तो धर्मभगिनींमुळे. शुश्रूषा करणाऱ्या जोगिणी खरोखरच ‘सिस्टर’ होत्या. आता तो सगळ्या धर्मांच्या परिचारिकांचा झालाय, आणि खाटेवरचा माणूस, मग तो कोकणातला असो की आझमगढचा, तीच हाक मारतो. त्याला बाईंचं नाव ठाऊक नसतं, जात ठाऊक नसते. बायबलमधली लहानग्या शमुवेलाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. रात्री हाक ऐकू येते आणि तो पोरगा धावत जातो तो एली याजकाकडे, ज्याची नजर मंदावली आहे अशा म्हाताऱ्याकडे: तुम्ही बोलावलंत ना? असं तीनदा होतं. देवाची हाक त्याला म्हाताऱ्या माणसाच्या हाकेसारखीच ऐकू आली, आणि म्हाताऱ्याच्या हाकेला उठायची सवय होती म्हणून तो उठला. ‘बोल, तुझा दास ऐकत आहे’ हे उत्तर त्याला नंतर शिकवलं गेलं. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर येशू स्पष्टच सांगतो, की आजारी होतो तेव्हा माझा समाचार घेतलात. कधी घेतला, असं लोक विचारतात, तेव्हा तो सर्वांत लहानांकडे बोट दाखवतो. मराठीत आपण ‘हाकेला ओ देणं’ म्हणतो. माझ्या शेजारीणबाईंनी तीसेक वर्षं ओ दिली. हाक कोणाची होती हे त्यांना कुणी सांगितलं नाही, एवढंच.

राहिले तुमचे पर्यायी शब्द. ‘ध्येय’ माणूस स्वतः ठरवतो आणि गाठतो. रुग्णसेवा गाठायची नसते. ‘जीवनकार्य’ सत्काराच्या भाषणातला शब्द आहे, माणूस गेल्यावर किंवा शाल मिळाल्यावर लावायचा. ‘व्रत’ चांगला आहे, आणि त्याहून ‘वसा’ मला आवडतो. पण कहाणीत वसा मागून घेतात, ‘कसला वसा वसता, तो आम्हाला सांगा’ असं विचारून. पाचारण न मागता येतं. हा फरक ख्रिस्ती श्रद्धेत महत्त्वाचा आहे, म्हणून तुमच्या लेखात मी वसाही घेणार नाही.

क्रियापदाचं मात्र जपा. ‘पाचारण सापडलं’, ‘पाचारण मिळवलं’ असं हल्ली ऐकू येतं, ते कानाला बोचतं, कारण करणारा दुसरा आहे हे त्यात पुसलं जातं. पाचारण ‘होतं’, आपण ते ‘ओळखतो’, त्याला ‘होकार देतो’, नाही तर ‘टाळतो’. ‘माझं पाचारण’ म्हणायला हरकत नाही. ‘मला आलेली हाक’ आपण ‘माझी हाक’ म्हणत नाही हे खरं, पण मंडळीच्या बोलीत हा षष्ठीचा वापर चांगला रुळलाय. शब्द नपुंसकलिंगी आहे, तेव्हा ‘त्यांची पाचारण’ असं छापलं जाऊ देऊ नका.

तुमचं वाक्य आहे तसं ठेवलंत तरी चालेल. थोडं हलवायचं असेल तर असं लिहा: ‘रुग्णसेवेसाठी त्यांना पाचारण झालं होतं, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्यांनी त्याला ओ दिली.’ अंक तपासणाऱ्यांनी पुन्हा खोडलं, तर इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय त्यांच्यासमोर उघडा आणि तिथला ‘तुम्हांला’ कोणाकोणाला धरून आहे ते त्यांनाच विचारा.