चौथा आउट, मास्क आणि प्रशिक्षकाची निवड

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. दोन हंगाम लहान मुलांच्या बेसबॉल सामन्यांत पंच म्हणून उभे राहिल्यावर आपल्याला दुर्मिळ नियमांचा नाद लागला आहे, तर त्या अभ्यासाचा मैदानावर कितपत उपयोग होतो, हा पहिला. आणि आपल्या पंच-संघटनेतील ज्या गृहस्थांना सबंध नियमावली कलमांच्या क्रमांकांसह तोंडपाठ आहे, त्यांना बाजूला ठेवून यंदा एका अबोल माणसाला नव्या पंचांचा प्रशिक्षक का नेमले, हा दुसरा. मी न्यू जर्सीत १४ वर्षे लिटल लीग (लहान मुलांचे बेसबॉल) आणि हायस्कूलच्या सामन्यांत पंचगिरी करत आहे. माझ्या मते या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून दोन्ही एकत्रच घेतो.

दुर्मिळ नियमांत पंचांचा सर्वांत आवडता म्हणजे ‘चौथा आउट’. तीन आउट झाले की संघाची पाळी संपते, तरी क्वचित चौथाही विचारात घ्यावा लागतो. १२ एप्रिल २००९ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्स आणि ॲरिझोना डायमंडबॅक्स यांच्या सामन्यात त्याची गरज पडली. एक आउट झालेला होता, तिसऱ्या बेसवर (धावेच्या वाटेतील टप्प्यावर) आंद्रे इथिअर आणि दुसऱ्यावर हुआन पिएर होता. फलंदाजाने मारलेला सरळ फटका पिचर (चेंडू टाकणारा) डॅन हेरनने झेलला, तो दुसरा आउट. दोन्ही रनर तोवर पळत सुटले होते. हेरनने चेंडू फेलिपे लोपेझकडे फेकला आणि लोपेझने पिएरला चेंडू लावून तिसरा आउट केला. परंतु त्याआधीच इथिअरने होम प्लेट, म्हणजे धाव जिथे पुरी होते तो शेवटचा टप्पा, ओलांडली होती. झेल गेला की रनरला आपल्या बेसवर परतावे लागते आणि इथिअर परतला नव्हता हे सर्वांना दिसत होते, म्हणून डायमंडबॅक्सचे खेळाडू निश्चिंत मनाने मैदानाबाहेर निघाले. डॉजर्सचे साहाय्यक प्रशिक्षक बॉब शेफर यांनी मात्र नियम दाखवून दिला आणि ती धाव मोजली गेली. डायमंडबॅक्सने तिसऱ्या बेसवर चेंडू नेऊन इथिअरविरुद्ध अपील केले असते, तर हा ‘चौथा’ आउट तिसऱ्याची जागा घेऊन बसला असता आणि धाव रद्द झाली असती. पिचर आणि सर्व इनफिल्डर (बेसजवळचे क्षेत्ररक्षक) फेअर क्षेत्र (सीमारेषांच्या आतले मैदान) सोडून बेंचकडे गेले की अपिलाचा हक्क संपतो. क्रिकेट पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये, कारण फलंदाज पायचीत असल्याचे पंचाला स्वच्छ दिसले तरी दाद मागितल्याशिवाय तोही बोट वर करत नाही.

आता गंमत अशी की, हा नियम पाठ असूनही पंच चुकू शकतो. झेलाच्या वेळी बेस सोडलेल्या रनरला बाद करणे हा ‘फोर्स’ (रनरला पुढच्या बेसकडे पळणे भागच असताना होणारा आउट, ज्यात तिसऱ्या आउटला धाव मोजलीच जात नाही) नव्हे, म्हणून प्लेटमागच्या पंचाला रनरचा पाय प्लेटवर आधी पडला की तिकडे चेंडू आधी लागला, एवढे पाहावेच लागते. ते न पाहता तो चेंडूच्या मागे मान वळवत राहिला, तर कलमाचा क्रमांक त्याच्या काहीही कामाचा नाही. अशी परिस्थिती संभवते तेव्हा आम्ही दोन पंच चेंडू टाकला जाण्यापूर्वी एकमेकांकडे पाहून मनगटावर दोन बोटे टेकवतो, मनगटी घड्याळ दाखवावे तशी. दुर्मिळ नियमाचा खरा उपयोग या दोन बोटांपुरता आहे आणि तो मी फार मोठा मानतो.

बाकीच्या नवलाईच्या नियमांविषयी थोडक्यात सांगतो. पिचरचा चेंडू पंचाच्या मास्कमध्ये अडकून बसला तर प्रत्येक रनरला एक बेस मिळतो. क्षेत्ररक्षकाने फेकून मारलेला ग्लव्ह फेअर टोलवलेल्या चेंडूला लागला तर तीन बेस मिळतात. हे जाणून ठेवावे, पण त्यांची वाट पाहत बसू नये. दर शनिवारी वाद होतो तो याहून साध्या गोष्टींवर. हात हा बॅटचाच भाग आहे, असे निम्मे पालक ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात तसे नाही, आणि बॅट फिरवताना चेंडू हाताला लागला तर तो स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा चेंडू) असून खेळ तिथेच थांबतो.

नियमांच्या अभ्यासाला तयारीची जोड कशी असावी याचा माझा आवडता दाखला १९८३ चा आहे. बॅटवर मुठीकडून १८ इंचांपलीकडे पाइन टार (पकड घट्ट करणारा चिकट पदार्थ) लावल्याबद्दल कॅन्सस सिटी रॉयल्सच्या जॉर्ज ब्रेटचा होमरन २४ जुलै रोजी रद्द झाला. लीगचे अध्यक्ष ली मॅकफेल यांनी तक्रार मान्य करून होमरन परत दिला आणि १८ ऑगस्टला राहिलेला खेळ पुरा करण्यात आला. त्या दिवशी पंच दुसरेच होते. न्यूयॉर्क यँकीजचे बिली मार्टिन यांनी ब्रेटने बेसना पाय लावलाच नव्हता, असे अपील करवले, कारण नव्या पंचांनी ते पाहिलेले असणे शक्यच नव्हते. पंच डेव्ह फिलिप्स यांनी खिशातून आधीच्या पंचांचे सहीनिशी प्रतिज्ञापत्र काढून दाखवले. मार्टिन नियमात हुशार होते, पण त्या दिवशी समोरचा माणूस त्यांच्या पुढे एक पाऊल होता.

आता प्रशिक्षकाविषयी. सर्वत्र एकच पद्धत नाही. लिटल लीगमध्ये बहुतेक पंच स्वयंसेवक असतात. जिल्ह्यातील लीगांचे अध्यक्ष मतदानाने जिल्हा प्रशासक निवडतात आणि तो जिल्ह्याचा पंच-सल्लागार नेमतो, तेव्हा तिथे ओळख आणि विश्वास यांना वजन येणारच. व्यावसायिक बेसबॉलमध्ये पंच अनेक वर्षे फ्लोरिडातील सुमारे पाच आठवड्यांच्या शाळांतून घडले. तिथे शिकवणारे स्वतः मेजर (सर्वोच्च) किंवा मायनर (त्याखालच्या) लीगमध्ये उभे राहणारे पंचच असत. हॅरी वेंडलस्टेड यांची शाळा पुढे त्यांचा मुलगा हंटर, जो स्वतः मेजर लीगचा पंच आहे, चालवू लागला. आमच्या हायस्कूल संघटनेत इच्छुकाला आधी एक हंगाम जुन्या प्रशिक्षकाचा मदतनीस म्हणून काढावा लागतो, त्या काळात त्याने नवशिक्यांवर लिहिलेले निरीक्षणाचे कागद समिती वाचते, आणि मग मत देते. या कागदांवरच बहुतेक नियमपंडित गळतात. ‘निर्णय चुकला’ एवढेच ते लिहितात. पंच कुठे उभा होता हे लिहीत नाहीत.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगतो. फेब्रुवारीत एका शाळेच्या जिममध्ये लाकडी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचे बेस आखून सराव चालला होता. आमचे प्रशिक्षक एक निवृत्त टपाल कर्मचारी होते, बोलणे अगदी मोजके. मी एका गुंतागुंतीच्या प्रसंगात बिनचूक निर्णय दिला आणि शाबासकीची वाट पाहत राहिलो. त्यांनी विचारले, “मास्क कोणत्या हाताने काढलास?” मी उजव्या हाताने काढला होता. आउटची खूण उजव्या हाताने करायची असते, तो मोकळा हवा. मास्क डाव्याच हाताने, बॉल-स्ट्राइक मोजण्याचा क्लिकर त्याच मुठीत धरून काढायचा. त्यांनी ते माझ्याकडून ४० वेळा करवून घेतले. नियम त्यांनी त्या दिवशी एकही सांगितला नाही.

तेव्हा आपल्या संघटनेची निवड चुकली आहे असे मला एवढ्यावरून वाटत नाही. त्या व्यासंगी गृहस्थांना हंगामापूर्वीची नियमांची संध्याकाळ जरूर द्यावी, तिथे त्यांच्या तोडीचे कुणी नसेल. नव्या प्रशिक्षकांच्या हाताखाली मदतनीस म्हणून आपण स्वतः नाव नोंदवावे आणि पहिल्या दिवशी ते नवशिक्यांचे पाय, म्हणजे ते कुठे उभे राहतात, हे पाहतात की नुसती निर्णयाची खूण करणारा हात, तेवढे पाहून मला इथेच कळवावे.