सातबाऱ्यावर माझं नाव लागेल का?

प्रश्न: ताई, लग्न झाल्यापासून शेतात राबतेय, पहाटे भाकऱ्या थापून पोरांचे डबे भरले की निंदणी, नाहीतर कापसाची वेचणी, बोंडाच्या काट्यांनी बोटं सोलतात, पण बँकेत गेलं की विचारतात जमीन कोणाच्या नावावर? मालक नाव लावायला तयार आहेत पण लोक म्हणतात लई खर्च येतो. खरंय का?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर: ताई, अजिबात नाही. मालक तयार आहेत ना, मग उशीर करू नका. 1992 पासून आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्ती योजना आहे, त्यात नवऱ्याने स्वतःहून अर्ज दिला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, त्याला बक्षीसपत्र नको की स्टॅम्प ड्युटी नको. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने बायांच्या नावावर जमीन करायची मोहीम गावोगाव चालवली होती, त्यातून हे आलं, आणि तरी आज किती घरांत हे माहीतच नाही याचं मला फार वाईट वाटतं.

फक्त एक बघा, जमीन तुमच्या नवऱ्याच्याच नावावर हवी. सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी जमीन महसूल कायद्याच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटणी करून घ्यावी लागेल. अर्जासोबत चालू सातबारा, आठ-अ, दोघांचे आधार द्या आणि तलाठ्याकडून पोच घ्याच, तोंडी "होऊन जाईल" वर घरी येऊ नका. फेरफार, म्हणजे नाव लावायची नोंद, मंजूर झाला की नवा उतारा काढून नावाचं स्पेलिंग तपासा.