साताऱ्यात राहणाऱ्याने सेडानला टूरिंग टायर घ्यावेत की परफॉर्मन्स?

तुमचा प्रश्न असा: गाडी सेडान, टायर १८५/६५ आर १५ ८८ एच, नक्षी संपत आलेली. आठवड्यातून एकदा पुणे, महिन्यातून एक-दोनदा मेढ्यामार्गे महाबळेश्वर, गाडीत बहुतेक वेळा आई असतात आणि त्यांना कंबरेचा त्रास आहे. अमेरिकेतला भाऊ म्हणतो परफॉर्मन्स ऑल-सीझन घे, इथला दुकानदार म्हणतो लाइफवाला घ्या, कोणाचं ऐकू?

आधी उत्तर देतो. टूरिंग घ्या, म्हणजे आराम आणि टिकाऊपणासाठी बनवलेला टायर; परफॉर्मन्स म्हणजे चपळ वळणं आणि जास्त पकड यासाठी बनवलेला. दुकानदाराचा लाइफवालाही टूरिंगच आहे, पण तो नको.

मी साताऱ्यात अलाइनमेंट-बॅलन्सिंगचं काम करतो. टायर विकत नाही, त्यामुळे तुम्ही कोणता घेता यात माझा फायदा-तोटा काही नाही. पण उतरवलेले टायर रोज हाताखालून जातात. कोणता कुठे झिजला, कशाला फुगा आला, कोण पावसाळ्याआधी आला आणि कोण घसरल्यानंतर आला, हे सगळं दिसतं.

भावाचा सल्ला त्यांच्या जागी बरोबर आहे. अमेरिकेत ऑल-सीझन हा प्रकार बर्फासाठी जन्माला आला. साधारण ७ अंशांच्या खाली उन्हाळी टायरचं रबर ताठर होतं आणि पकड सोडतं, म्हणून थंडीतही मऊ राहील असं रबर आणि थोडा बर्फ कापतील अशा बारीक चिरा असलेला टायर तिथे बारा महिने चालवतात. त्याच्या कडेला एम प्लस एस अशी अक्षरं असतात, म्हणजे चिखल आणि बर्फ. आपल्याकडे वेण्णा तलावावर दवबिंदू गोठले की पेपरात फोटो येतो, एवढीच आपली थंडी. साताऱ्यात डिसेंबरची रात्र दहा-बारा अंशांच्या आसपास असते. तेव्हा बर्फासाठीच्या त्या तडजोडीचे पैसे तुम्ही भरू नका. आपले ऋतू दोन: कोरडा आणि ओला. आणि ओला कसा, तर शहरात वर्षाला हजारेक मिलिमीटर आणि पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या घरात. एकाच सकाळी, एकाच गाडीने, तुम्ही या दोन्हींतून जाता.

आता दोन्ही टायरमध्ये फरक काय ते बघू. टूरिंगची बाजू जरा लवचिक असते, नक्षीचे ठोकळे लहान आणि एकमेकांपासून कमी-जास्त अंतरावर कापलेले असतात, म्हणजे एकसुरी घोंघावणं होत नाही, रबर हळू झिजतं. परफॉर्मन्सची बाजू ताठ, खांद्याकडचे ठोकळे मोठे, रबर जास्त चिकट. स्टीअरिंग वळवलं की गाडी लगेच वळते, ब्रेक दाबला की कोरड्या रस्त्यावर लवकर थांबते. याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते: लवकर झीज, जास्त आवाज आणि खड्ड्याचा धक्का सरळ सीटपर्यंत. आईंच्या कंबरेचा विषय तुम्ही स्वतःच काढलात, त्यामुळे तिसरी किंमत तुमच्या घरात रोज वसूल होईल.

परफॉर्मन्स टायरचा खरा फायदा कुठे मिळतो, तर गाडी पकडीच्या अगदी टोकावर असते तेव्हा. केळघरच्या किंवा पसरणीच्या घाटात तुम्ही आईंना घेऊन तीस-चाळीसच्या वेगाने जाणार. त्या वेगाला नीट हवा असलेला कुठलाही चांगला टायर आपल्या मर्यादेच्या बराच आत असतो. घाटात टायरपेक्षा गिअरकडे लक्ष द्या, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. यवतेश्वरच्या रस्त्यावर पावसात वाहून आलेली लाल माती आणि दरडीचे बारके दगड असतात. त्यावर कोणताच टायर चमत्कार करत नाही.

हायवेचं मात्र वेगळं आहे, आणि इथेच नीट विचार करायला हवा. पुणे-सातारा रस्त्यावर जुलैत पाऊस कोसळत असतो, डाव्या लेनच्या चाकोरीत पाणी साचलेलं असतं आणि मागून ट्रक येत असतो. तुमचा टायर १८५ मिलिमीटर रुंद आहे. समजा पाणी ३ मिलिमीटर साचलंय आणि वेग ताशी ९० आहे, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. गुणाकार करा: एका टायरला एका सेकंदात जवळजवळ १४ लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. कळशीभर पाणी, दर सेकंदाला, प्रत्येक चाकाला. ते जातं नक्षीच्या खोबणीतून. खोबण उथळ झाली की पाण्याला वाट उरत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि स्टीअरिंग हातात हलकं लागायला लागतं. त्या क्षणी टायरवर टूरिंग लिहिलंय की परफॉर्मन्स याने काही फरक पडत नाही. खोबण किती शिल्लक आहे एवढंच बघा.

म्हणून मी लोकांना सांगतो की टायर पहिल्या पावसाळ्यासाठी घेऊ नका, तिसऱ्या पावसाळ्यासाठी घ्या. नवा असताना चांगला परफॉर्मन्स टायर ओल्यातही टूरिंगच्या पुढे असू शकतो, हे मान्य. पण तो झपाट्याने झिजतो. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. तुमच्यासारखं फिरणं असेल तर दोन वर्षांनी मृगाचा पाऊस येईल तेव्हा परफॉर्मन्सची खोबण टूरिंगपेक्षा उथळ झालेली असेल, आणि त्याचं श्रेष्ठत्व त्या खोबणीबरोबरच गेलेलं असेल. वेळेवर बदलणारा माणूस असेल तर गोष्ट निराळी. आपल्याकडे बहुतेक जण टायर टकले होईपर्यंत ओढतात.

कायद्याने १.६ मिलिमीटर ही शेवटची हद्द आहे. खोबणीच्या तळाशी आडव्या बारीक पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर बाद. पण आपल्या पावसात ही हद्द मला मान्य नाही. ३ मिलिमीटर उरले की मे महिन्यातच बदला. ऑक्टोबरमध्ये ३ असतील तर पुढच्या मेपर्यंत चालवा, हरकत नाही. खोली मोजायचं साधं गेज स्वस्त मिळतं, एक गाडीत ठेवा.

आता दुकानदाराच्या लाइफवाल्याबद्दल. टूरिंगच्या पोटातच दोन जाती आहेत आणि फसगत होते ती इथे. एक जात जास्तीत जास्त किलोमीटर देण्यासाठी बनवलेली: सिएटचा मायलेझ, अपोलोचा अमेझर ४जी लाइफ, गुडइयरचा ड्युराप्लस या कुळातले. टॅक्सीवाल्याचा हिशोब दर किलोमीटरला किती पैसे असा असतो, त्याच्यासाठी हे टायर उत्तम आहेत आणि ते आपल्या कामाला चोख आहेत. दुसरी जात आराम आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांच्यासाठी: मिशेलिनचा प्रायमसी, ब्रिजस्टोनचा टुरान्झा, योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी, गुडइयरचा ट्रिपलमॅक्स. तुमच्यासाठी ही दुसरी जात. यातलाच अमुक घ्या असा माझा आग्रह नाही, तुमच्या साइजमध्ये जो ताजा मिळेल तो बघा. नावं दिली ती दुकानात गेल्यावर दोन्ही कुळं वेगळी ओळखता यावीत म्हणून.

पूर्वी झीज कमी म्हणजे पकड कमी, हे समीकरण फार पक्कं होतं. १९९२ मध्ये मिशेलिनने रबरात कार्बन ब्लॅकच्या (टायरला काळा रंग देणाऱ्या काजळीच्या) जागी बराचसा सिलिका (वाळूत असतो तो पदार्थ) घालून टायर आणला, त्यानंतर हळूहळू सगळेच त्या वाटेने गेले. सिलिकामुळे ओल्या रस्त्यावर पकड वाढते आणि टायर फिरताना वाया जाणारी ताकदही कमी होते. आजचा चांगला टूरिंग टायर पावसात इतका भरवशाचा आहे तो यामुळे. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही २०२२ मध्ये टायर फिरताना होणारा विरोध, ओली पकड आणि आवाज या तिन्हींसाठी टायरना किमान मानकं लावायची अधिसूचना काढली. आयएसआय खूण तर हवीच.

काही टायरच्या कडेला ट्रेडवेअर म्हणून आकडा असतो, ३४०, ४२०, ६०० असा. ही अमेरिकन सरकारची पद्धत आहे: १०० हा आधाराचा टायर, त्याच्या तुलनेत हा किती टिकेल ते सांगणारा आकडा. तो देते मात्र कंपनी स्वतःच, म्हणून एकाच कंपनीचे दोन टायर ताडून बघायला ठीक, दोन कंपन्यांमध्ये त्यावरून भांडू नका. शेजारी ट्रॅक्शन एए, ए, बी किंवा सी असं असतं. ती परीक्षा ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत घसरत थांबण्याची आहे. वळणावरची पकड किंवा साचलेल्या पाण्यातलं वागणं त्यातून कळत नाही. तरी ए च्या खाली जाऊ नका.

तुमच्या टायरवरचं ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार, आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंतची क्षमता. तितका वेग तुम्ही घेणार नाही, पण हे अक्षर उष्णता सहन करण्याचीही ताकद सांगतं. एच च्या जागी टी किंवा एस स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका. व्ही मिळाला तर चालेल, गरज नाही. रुंदीही तीच ठेवा. गाडी भारी दिसते म्हणून १८५ च्या जागी २०५ टाकणारे खूप येतात माझ्याकडे. रुंद टायरला पाणीही जास्त सारावं लागतं, वरचाच गुणाकार पुन्हा करून बघा.

परफॉर्मन्स कोणी घ्यावा? ज्यांची गाडी मुळातच ताकदवान आहे, कंपनीतून व्ही किंवा डब्ल्यू अक्षराचे टायर घेऊन आली आहे, जे बहुतेक एकटे चालवतात, ज्यांना स्टीअरिंगचा तो ताजेपणा मनापासून आवडतो आणि टायर लवकर बदलायची तयारी आहे, त्यांनी जरूर घ्यावा. ब्रिजस्टोनचा पोटेन्झा किंवा मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ही त्यांचीच कुळं. त्यात गैर काहीच नाही.

एक गोष्ट मात्र परफॉर्मन्सच्या बाजूने प्रामाणिकपणे सांगायला हवी. ऊस हंगाम सुरू झाला की सर्व्हिस रोडवर आणि हायवेच्या कडेला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. रात्री अचानक समोर उसाची भिंत उभी राहते. तेव्हा कोरड्या रस्त्यावर काही मीटर आधी थांबणारा टायर मोलाचा असतो. पण तेच मीटर वेगातून किती स्वस्तात मिळतात बघा: ताशी १०० च्या ऐवजी ८० ने असाल तर ब्रेक दाबल्यानंतरचं अंतर एक तृतीयांशाहून जास्त कमी होतं. दोन टायरमधला फरक याच्या जवळपासही जात नाही. नोव्हेंबर ते मार्च अंधार पडल्यावर नागठाणे, उंब्रज या पट्ट्यात ८० च्या वर जाऊ नका, टायर कोणताही असो.

हवेबद्दलही सांगतो, कारण पावसाळ्यात हवा चार-पाच पाउंड कमी ठेवली की पकड वाढते असं सांगणारे अजून भेटतात. हे उलटं आहे. नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून एक सूत्र मांडलं: टायर कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगेल हे हवेच्या दाबाच्या वर्गमुळावर ठरतं. गाडीला ते तंतोतंत लागू नाही, पण दिशा कळते. नक्षीने काम सोडलंय असं धरलं तर ३२ पाउंडाला हा वेग ताशी ९४ च्या आसपास येतो, २४ पाउंडाला ८२ च्या आसपास. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा ठेवा, टायर गार असताना मोजा, आणि गाडी भरून महाबळेश्वरला जाताना त्याच स्टिकरवरचा पूर्ण भाराचा आकडा वापरा.

दुकानात गेलात की टायरच्या कडेवर डीओटी शब्दापुढचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. वर्षभराच्या आतला मागा. चारही एकदम बदला. बजेट नसेल आणि दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे टाका, पुढे नाही. हे ऐकून बरेच जण वाद घालतात, कारण आपल्या गाड्या पुढच्या चाकांवर ओढतात आणि तिथे झीज जास्त. पण पुढची चाकं सुटली तर गाडी सरळ जाते आणि तुम्हाला स्टीअरिंगवर कळतं. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि पावसात फिरलेली गाडी सावरणं फार थोड्यांना जमतं.

अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. जुन्या टायरची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली असेल तर आधी त्याचं कारण शोधा, नाहीतर नवाही तसाच खाल्ला जाईल. पुढे दर दहा हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल. उतरवलेल्या चारांपैकी फुगा, चीर नसलेला आणि पाच-सहा वर्षांच्या आतला एखादा बरा असेल तर तो जपून ठेवा. स्टेपनी काढून तिचीही तारीख वाचा, बहुतेकांची ती गाडीच्या वयाचीच असते. जपलेला टायर तिच्यापेक्षा नवा निघाला, तर तोच स्टेपनीच्या रिमवर चढवून घ्या.